जास्तीचं रक्त

चाळिशीला टेकता टेकता माझी बायको एकाएकी देखणी दिसायला लागली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण कुठल्या नवऱ्याच्या मनात चुकचुकते? गाल लाल, ओठ लाल, तळहात नुकतीच मेंदी धुतल्यासारखे. चिकपेटेत तिच्या थोरल्या भावाचं कापडाचं दुकान होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचो. ते घरी आले की बहिणीकडे बघून म्हणत, "भावजी, तुमच्या घरचं मानवलं हो हिला." आणि मी शहाणा त्यावर खूश होऊन बसायचो.

हे पन्नास सालानंतरचं बंगळूर. मी मूळचा मिरजेचा. लग्नानंतरची पाच वर्षं आम्ही मिरजेत माझ्या आईपाशी काढली. मग इथल्या सरकारी कारखान्यात नकाशे काढायची नोकरी लागली आणि मी बायकोच्या माहेरगावी येऊन पडलो. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. ती 'थोडं थांबा' न म्हणता 'स्वल्प थांबा' म्हणायची, आणि 'बरं'च्या जागी 'सरी'. कन्नड मात्र तिला फर्डं यायचं. मला भाजी घेण्यापुरतंसुद्धा धड येत नव्हतं. बाजारात, घोड्याच्या जटकेवाल्याशी, घरमालकाशी, सगळीकडे ती बोलायची आणि मी पिशवी धरून बाजूला उभा. मूल आम्हाला झालं नाही. त्यावरून मी तिला एका शब्दाने कधी दुखवलं नाही. बाकी सगळ्यावरून दुखवलं. माझा स्वभाव तापट, आवाज मोठा. कारखान्याच्या भोंग्याआधी तुमचा भोंगा ऐकू येतो, असं बाजूच्या अक्का माझ्या तोंडावर म्हणायच्या.

तर ती देखणी झाली आणि त्याच सुमारास तिचं डोकं दुखायला लागलं. रोज, सकाळपासून. कानात कुणी जातं फिरवतंय असं वाटतं म्हणायची. रात्री पायाची बोटं जळतात म्हणून गार फरशीवर पाय टेकवून बसायची. आणि ती खाज. शुक्रवारी अंगाला तेल लावून ती बंबाच्या कढत पाण्याने न्हायची, आणि बाहेर आली की अर्धा तास सगळं अंग खाजवत सुटायची. दंडावर, पाठीवर ओरखडे. डोळ्यांत पाणी. आम्ही साबण बदलला. मग साबण सोडून डाळीचं पीठ, मग कडुलिंबाचा पाला. मी वैतागून एकदा म्हणालो, "इतकी वर्षं अंघोळ करतेस, आता काय नवीन झालं?" ती म्हणाली, "तेच तर कळेना."

गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाईमाणसाला या वयात अशक्तपणा येतो. त्यांनी लोहाचं टॉनिक दिलं. दिवसातून दोनदा, जेवणानंतर. मी स्वतः चमच्याने मोजून तिला पाजलं. चांगला सहा महिने पाजलं. ती नको म्हणायची, डोकं अजून जड होतं म्हणायची, आणि मी ओरडून पाजायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एक दिवस ती तवा उतरवताना चक्कर येऊन चुलीपाशी कोसळली, तेव्हा तिला घेऊन मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे एक वयस्क डॉक्टर होते, अंगाने काटकुळे, फार हळू बोलणारे. त्यांनी तिची जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, पोटाला डाव्या बरगडीखाली बराच वेळ बोटं लावून बघितली. मग तिला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. ती दचकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, हे विचारतायत, ऊन पाण्याने अंघोळ केली की खाज सुटते काय. यांना कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. इतके दिवस आम्ही त्या खाजेबद्दल कुठल्या डॉक्टरला बोललोच नव्हतो. खाजेसाठी कोण डॉक्टरकडे जातं?

रक्त तपासणाऱ्या माणसाने तिच्या बोटाला सुई टोचली. रक्त आलं ते जांभळट, दाट, बोटावर तसंच थबकून राहिलं. काचेच्या बारीक नळीत ते चढेना. त्याने नळी बदलली. मग दुसरं बोट टोचलं. आकडा काढून त्याने स्वतःशीच मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं आणि आत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. दोघं आळीपाळीने सूक्ष्मदर्शकात बघत राहिले. ती मला हळूच म्हणाली, "माझ्या रक्तात काही भारी दिसतंय काय हो त्यांना?" तिला त्याची गंमत वाटत होती.

आठवड्याने डॉक्टरांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला एकट्याला आत बोलावून इंग्रजीत सांगितलं. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं, तिथलाच ताबा सुटलाय. लाल पेशी गरजेपेक्षा फार जास्त तयार होतायत. पॉलिसायथीमिया व्हेरा असं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. इतक्या वर्षांत दोनच रोगी बघितलेत म्हणाले. मी विचारलं, "म्हणजे रक्त जास्त असणं वाईट?" ते म्हणाले, "हा रक्ताच्या कॅन्सरच्या घराण्यातला आजार आहे. सावकाश चालतो. पण बरा होत नाही."

पुढचं मी खाली बसून ऐकलं. धोका गाठीचा. रक्त इतकं घट्ट झालंय की कुठेही गुठळी होऊन अडकेल. मेंदूत अडकली तर अर्धं अंग जाईल, नाहीतर माणूसच जाईल. उपाय म्हणजे दर थोड्या दिवसांनी बाटलीभर रक्त काढून टाकायचं. लोहाचं टॉनिक आजपासून बंद. पाणी भरपूर प्यायचं, उपाशी-तहानेलं कधी राहायचं नाही. अंगातलं पाणी आटलं तर रक्त आणखी घट्ट होणार, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. खरं औषध एकच, किरणोत्सर्गी फॉस्फरस. ते बंगळूरला मिळत नाही, मुंबईला देतात. त्यासाठी पत्र लिहायचं आणि बोलावतील तेव्हा जायचं. तोवर तिला सांभाळायचं. "सांभाळा," एवढा एक शब्द त्यांनी मी निघताना कन्नडमध्ये उच्चारला, तो मला कळला.

मी बाहेर आलो तेव्हा ती बाकावर शेजारच्या बाईशी गप्पा मारत होती. तिने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "उष्णता झालीय."

दुसऱ्या दिवशी चिकपेटेत अण्णांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं म्हणून मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. अण्णा मोठे धीराचे. पण त्यांनी उपरण्यात तोंड घातलं. मग म्हणाले, "भावजी, हिला कळू देऊ नका. आमच्या आत्तीला क्षय झाल्याचं सांगितलं आणि तिने अन्नच सोडलं. पंधरा दिवसांत खलास. माझी बहीण तसलीच आहे, मनाला लावून घेणारी. तुम्ही शब्द द्या मला." मी शब्द दिला. त्या काळी सगळेच असं करायचे. कॅन्सर हा शब्द रोग्यासमोर उच्चारायचा म्हणजे त्याला घाटावर नेल्यासारखंच. पण इतरांचं काय घेऊन बसायचं, शब्द मी दिला.

डॉक्टरांना मी गळ घातली की तिच्यासमोर कन्नड बोलू नका, जे काय ते माझ्याशी इंग्रजीत बोला. त्यांना ते पटलं नाही. आजार तिचा आहे, तिला कळायला हवं म्हणाले. मी हात जोडले. शेवटी ते तयार झाले. अशी त्या गावात पहिल्यांदा माझ्यावर दुभाष्याची पाळी आली. आजवर ती माझ्यासाठी बोलायची, आता डॉक्टर काय म्हणतात ते मी तिला सांगणार. आणि मी एकही वाक्य जसंच्या तसं सांगितलं नाही.

रक्त काढायचं कारण काय सांगावं हे मला सुचेना. पहिल्या दिवशी तिला खाटेवर निजवलं, दंडाला रबर बांधलं आणि जाड सुई घातली, तेव्हा ती घाबरून म्हणाली, "एवढं काढून काय करणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझं रक्त फार चांगलं आहे. जास्ती आहे. कुणाला तरी देणार."

तिचा चेहरा असा उजळला की मला मान वर करवेना. रक्त काकवीसारखं हळूहळू बाटलीत उतरत होतं आणि ती विचारत होती, "कुणाला हो?" मी म्हणालो, "वरच्या मजल्यावर एक बाळंतीण आहे. मुलगी झालीय. फार रक्त गेलंय बिचारीचं." ती म्हणाली, "मग घ्या म्हणावं. सगळं घ्या."

तिला बाहेर नेल्यावर औषधाची चिठ्ठी घ्यायला मी परत आत गेलो. आया बाटली मोरीत ओतत होती. रोगी माणसाचं रक्त ते, कुणाला चालणार? तिने वर नळ सोडला. मी तिथेच उभा राहून ते सगळं वाहून जाईस्तोवर बघितलं.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं. दर पंधरा-वीस दिवसांनी बाटली निघायची आणि दर वेळी मला माणूस शोधावा लागायचा. एकदा गिरणीत हात सापडलेला कामगार. एकदा देवनहळ्ळीची, विहिरीत पडलेली पोर. रक्त निघालं की तिचं डोकं हलकं व्हायचं, चेहऱ्यावरची लाली उतरायची, आणि ती म्हणायची, "दुसऱ्याला दिलं की आपल्याला पण बरं वाटतं बघा." बाळंतिणीवर तर तिचा फार जीव. तिने डिंकाचे लाडू केले, डब्यात भरले आणि माझ्या हातात दिले. कुठे नेऊ ते लाडू? त्या आयेला द्यायचं धैर्य झालं नाही. कब्बन पार्कातल्या बाकावर बसलो आणि एकेक करून सगळे खाल्ले. रडत खाल्ले. रिकामा डबा बघून ती हरखली. "आवडले काय तिला?" म्हणाली. मग थोड्या वेळाने, भांडी आवरता आवरता म्हणाली, "माझं रक्त गेलंय तिच्या अंगात. म्हणजे त्या लेकराशी स्वल्प नातं झालंच की माझं."

मुंबईला मी पत्रावर पत्रं धाडली. इंग्रजी पत्रं, कारखान्यातल्या साहेबाकडून तपासून घेतलेली. डॉक्टरांचा कागद, रक्ताचे आकडे, सगळं जोडलेलं. उत्तर येईना. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात जाऊन उभा राहायचो. अखेर उत्तर आलं: ते औषध साठवून ठेवता येत नाही, ठरल्या दिवसापुरतंच मागवावं लागतं, गणपतीनंतरच्या आठवड्यात रोग्याला घेऊन यावे. मी ते पत्र खिशात ठेवून हिंडायचो. तिला सांगितलं, मिरजेहून पुढे मुंबईला जाऊ, तू समुद्र बघितला नाहीस. तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "आता एवढ्यात कसली मुंबई?"

माझी मात्र दशा झाली होती. घास घशाखाली उतरायचा नाही. पट्ट्याला मी दोन नवी भोकं पाडली. नकाशावर रेघ चुकायला लागली, साहेबाची बोलणी खाल्ली. दर वेळी रक्त काढून झालं की डॉक्टर मला आत बोलवायचे आणि मी बाहेर यायचो तो डोळे पुसून. वाटायचं, तिला काही दिसत नाही.

आणि खोट्याचा हिशेब राहत नाही. एकदा तिने विचारलं, "बाळंतिणीची मुलगी आता बसायला लागली असेल ना?" मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "मुलगा छान आहे तिचा." पेपराच्या वरून मी बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती, हातात भिजवलेली कणीक तशीच. मला वाटलं, संपलं, हिला कळलं. दोन दिवस मी घाबरून होतो. पण तिने पुन्हा काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तिने कुठल्याच माणसाची चौकशी केली नाही. मी सुटलो असं समजलो.

नंतर एक दिवस, मी जेवण टाकून उठलो तेव्हा ती मोरीपाशी तांब्या घेऊन उभी होती. म्हणाली, "तुम्हाला काय होतंय ते एकदा खरं सांगा मला." बस, माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके महिने जीव मुठीत धरून जगत होतो, आणि तिनेच विचारावं? मी ओरडलो, "मला काही झालेलं नाही. डोकं खाऊ नकोस माझं." तिने माझ्या हातावर पाणी घातलं. "सरी," एवढंच म्हणाली.

हरताळका आली. हे व्रत तिच्या माहेरचं नव्हे. बंगळूरला त्या दिवशी गौरीचा सण असतो, बायका नवी लुगडी नेसतात, गोडधोड करून जेवतात, सुपातून एकमेकींना वाण देतात. नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाण्याचा थेंबही न घेता उपास करायचा, हे तिला मिरजेत माझ्या आईने शिकवलं. आई कडक होती. पहिल्या वर्षी तहानेने तिचे ओठ फुटले होते तरी आईने चूळ भरू दिली नाही. बंगळूरला आल्यावर मीच म्हटलं, पुरे आता, दूध-फळं घेऊन कर. इतकी वर्षं ती तसंच करायची.

त्या सकाळी मी उठलो तेव्हा तिने पाटावर वाळूची गौर मांडली होती, पत्री आणून ठेवली होती. डॉक्टरांचं बजावणं माझ्या ध्यानात होतं. विसरलो असं मी म्हणणार नाही. मी बुटाची नाडी बांधताना विचारलं, "दूध घेतलंस? पाणी पीत राहा दिवसभर. उष्णता झालीय तुला." ती म्हणाली, "सरी, पिते." कारखान्याची बस यायची वेळ झाली होती. मी तिच्या तोंडाकडे न बघता निघालो. तिला नुसतं 'उष्णता' सांगितलं होतं मी. उष्णतेला कोण बाई घाबरते? पाण्यावाचून तू मरशील, हे सांगायला पाहिजे होतं, आणि ते सांगायचं तर बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं.

दुपारी तीनच्या सुमाराला बाजूच्या अक्का सुपातलं वाण घेऊन आमच्याकडे आल्या. हाक मारली तर ओ नाही. ती गौरीसमोर आडवी पडली होती, डावा हात अंगाखाली, तोंड वाकडं झालेलं. अक्कांच्या यजमानांनी डाकघरात जाऊन कारखान्यात फोन लावला. मी इस्पितळात पोचलो तेव्हा तिच्या उजव्या दंडात सुई होती आणि डॉक्टर स्वतः बाटली धरून उभे होते. त्यांनी अक्कांना कन्नडमध्ये विचारलं, मला तेवढं समजलं: सकाळपासून काय घेतलं होतं हिने? अक्का म्हणाल्या, काल रात्रीपासून काही नाही, नीरुसुद्धा नाही, सकाळी तिनेच सांगितलं. नीरु म्हणजे पाणी, हे मला गावात आल्या आल्या तिनेच शिकवलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

डावं अंग गेलं. चार दिवस ती शुद्धीवर नीट नव्हती. मी तिच्या तोंडात चमच्याने पाणी सोडत बसायचो. अर्धं बाहेर यायचं. मुंबईची तारीख जवळ येत होती आणि डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत दोन दिवसांचा आगगाडीचा प्रवास म्हणजे वाटेतच संपेल. मी त्यांच्याशी भांडलो. मग मुंबईला तार करून दिवस पुढे ढकला म्हणून विनवलं. मग इस्पितळाच्या मागच्या आवारात जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. अण्णा येऊन मला धरून घेऊन गेले. मी त्यांच्यावरही ओरडलो, "तुमच्या शब्दाने मारलं हिला." ते म्हणाले, "मारा मला, पण आत चला." बिचारे. शब्द त्यांनी मागितला होता, पण पाळला मी.

सहाव्या दिवशी सकाळी ती पूर्ण शुद्धीवर आली. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. डॉक्टर म्हणाले, आज आणखी एक बाटली काढावी लागेल, तिला सांगा. मी ठरवलं, आता सगळं सांगायचं. नाव, मुंबईचं पत्र, मोरीत ओतलेल्या बाटल्या, सगळं. अण्णांना खोलीबाहेर बसायला सांगितलं. स्टूल ओढून तिच्या उजव्या बाजूला बसलो. काय बोलायचं ते मी वाटेत दहादा घोकलं होतं. तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "तुला एक सांगायचंय."

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

एक वाईट गोष्ट कबूल करतो, मला हायसं वाटलं.

"बाळंतीण वगैरे कुणी नव्हती," ती म्हणाली. एकेक शब्द जुळवून म्हणत होती. "तुम्हाला थापा मारता येत नाहीत. मुलगी म्हणालात, मग मुलगा म्हणालात. मला तेव्हाच कळलं."

"काय कळलं?"

"माझं रक्त तुम्हालाच देतात." तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळत होतं, ते तिला पुसता येत नव्हतं. "दर वेळी माझं काढून झालं की डॉक्टर तुम्हाला आत नेतात. किती वाळलात तुम्ही. जेवत नाही. मी विचारलं तर अंगावर आलात. मोठा आजार आहे ना तुम्हाला? म्हणून यंदा कडक धरलं मी हरताळकेचं. इतकी वर्षं दूध पिऊन केलं, त्याचंच हे फळ असेल म्हटलं."

ती बोलत राहिली. "तुमच्या आई सांगायच्या, पाणी घेतलं तर त्याचा उपयोग नाही. मी एक थेंब घेतला नाही हो. खरंच नाही."

दारात डॉक्टर सुईचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण ते आत आले नाहीत. तिने त्यांना बघितलं आणि आपला उजवा हात माझ्या हातातून सोडवून गादीवर सरळ करून ठेवला, दंड वर करून.

"डावा गेला तरी हा आहे की," ती म्हणाली. "यांना सांगा, पाहिजे तेवढं घ्या. तुम्हाला लागत असेल. लागतंय ना?"

मी काय काय ठरवून आलो होतो. खरं सांगायचं म्हणजे तिने केलेला उपास कुणासाठीच नव्हता हे सांगायचं. ज्याला काही झालेलं नाही त्याच्यासाठी तू अर्धं अंग दिलंस, हे सांगायचं. ते कुठल्या तोंडाने सांगणार होतो? ती वाट बघत होती, तिच्या कपाळावर काळजीची आठी होती, आणि ती काळजी माझी होती.

मी म्हणालो, "हो. लागतंय."

तिने डोळे मिटले. आठी गेली. डॉक्टरांनी दंडाला रबर बांधलं. मी तिला म्हणालो, यापुढे माझ्यासाठी रक्त पाहिजे असेल तर तुला भरपूर पाणी प्यावं लागेल, उपास एकही करायचा नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. तिने लगेच मान हलवली. मी पेला तिच्या ओठाला लावला आणि तिने तो सगळा संपवला. मग दुसरा मागितला.